पहिल्या आठवड्याच्या शिव्या किती खऱ्या? एका ऑनलाइन गेमच्या दोन जन्मांची गोष्ट

नवा ऑनलाइन गेम बाजारात आला की पहिल्या चार दिवसांत त्याचा निकाल लावून टाकायची पद्धत आहे. कुणी म्हणतं ‘एक नंबर’, कुणी म्हणतं ‘पैसे पाण्यात’. मग घरातला मुलगा किंवा मुलगी आईबाबांकडे पैसे मागते, आणि आईबाबांना ठरवायचं असतं की द्यायचे की नाही. अशा वेळी खेळणाऱ्यांच्या पहिल्या मतांवर किती विसंबायचं? याचं उत्तर शोधायला जपानमधल्या एका गेमचा इतिहास फार उपयोगी पडतो. हा गेम एकदा सपशेल पडला आणि त्याच नावाने पुन्हा उभा राहिला. दोन्ही वेळा पहिल्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडला होता. पण त्या तक्रारी एका जातीच्या नव्हत्या, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी समजून घेऊ, हा खेळ असतो कसा

गेमचं नाव ‘फायनल फँटसी चौदा’. कंपनी स्क्वेअर एनिक्स. प्रकार, ज्याला खेळणारे ‘एमएमओआरपीजी’ म्हणतात तो. म्हणजे काय, तर हजारो माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात उतरतात. प्रत्येकाने आपलं एक पात्र बनवायचं : कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी लोहार, कुणी मासेमारी करणारा. काम करत गेलं की अनुभव जमा होतो, पात्राची पायरी वाढते, नवी हत्यारं, नवे प्रदेश खुले होतात. एकट्याने न झेपणाऱ्या मोहिमा चार-आठ जणांनी मिळून करायच्या. तुम्ही संगणक बंद केलात तरी ते जग चालूच राहतं.

या गेमला वर्गणी असते. वर्तमानपत्राला किंवा केबलला महिन्याचे पैसे भरतो तसे. आपल्याकडे ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पैसे लावून खेळायची रमी येते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घातली. पण ज्यात पैज नाही, फक्त खेळण्यासाठी वर्गणी किंवा एकदाच प्रवेशमूल्य घेतलं जातं, अशा खेळांना त्या बंदीतून वेगळं ठेवलं. आज आपण बोलतोय तो खेळ या दुसऱ्या गटातला. इथे पैसे जिंकायचे नसतात. इथे पैसे आणि त्याहून जास्त वेळ खर्च होतो, म्हणून तर आधी चौकशी करावीशी वाटते.

२०१० : पहिला जन्म

‘फायनल फँटसी’ ही मालिका १९८७ पासूनची. तिचा ऑनलाइन भाग, अकरावा, २००२ मध्ये आला होता आणि चांगला चालला होता. त्यामुळे २००९ च्या जूनमध्ये चौदाव्याची घोषणा झाली तेव्हा चाहत्यांनी तो डोळे झाकून घ्यायचा ठरवला होता. निर्मितीची सूत्रं अकराव्या भागाचेच जाणकार हिरोमिची तनाका यांच्याकडे. संगीत नोबुओ उएमात्सु यांचं, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागापासूनचे संगीतकार. नाव मोठं, माणसं मुरलेली.

३० सप्टेंबर २०१० ला गेम विंडोज संगणकांसाठी विक्रीला आला. जास्त पैसे भरून खास आवृत्ती घेणाऱ्यांना आठ दिवस आधी, २२ सप्टेंबरलाच आत सोडलं होतं. त्या आठ दिवसांतच वारं फिरलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी पुढे शंभरात पन्नासच्याही आत राहिली. ‘फायनल फँटसी’ हे नाव असलेल्या गेमला हे म्हणजे बोर्डात येणाऱ्या मुलाने नापास होण्यासारखं.

खेळाडूंचं नेमकं म्हणणं काय होतं? एकेक घेऊ.

तक्रार पहिली : बटण दाबलं की वाट बघा

गेममध्ये पिशवी उघडणं, वस्तू निवडणं, यादी पाहणं ही कामं मिनिटाला दहादा करावी लागतात. चौदाव्या भागात अशा साध्या कामांसाठीसुद्धा खेळाडूचा संगणक सर्व्हरला विचारायचा, आणि उत्तर आलं की मगच पुढचं पान उघडायचं. सर्व्हर सगळे जपानमध्ये. न्यूयॉर्क ते टोकियो अंतर सुमारे ११ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यालाच सेकंदाचा दहावा भाग लागणार. वाटेतली यंत्रं, सर्व्हरवरची गर्दी हा वेळ वेगळा. एका कामासाठी अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की माणूस वैतागतो. तलाठी कार्यालयात एका उताऱ्यासाठी प्रत्येक सहीला वेगळी फेरी मारायला लावली तर कसं वाटेल, तसंच.

तक्रार दुसरी : जास्त खेळलात, आता बास

आठवड्यात एका कामाचे पहिले आठ तास पूर्ण अनुभव मिळेल, पुढच्या सात तासांत तो कमी कमी होत जाईल, आणि पंधरा तासांनंतर शून्य, असा नियम होता. हे बाहेर आलं ते चाचणीच्या काळातच. कंपनीचा हेतू वाईट नव्हता. नोकरी-धंदा करणारा माणूस दिवसभर खेळणाऱ्या पोरांच्या फार मागे पडू नये, असा विचार. पण महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला ‘आता तुमच्या मेहनतीचे गुण नाहीत’ असं सांगितलं की त्याला ती शिक्षाच वाटते. खानावळीत महिन्याचे पैसे घेऊन तिसऱ्या पोळीला अर्धीच वाढली, तर मालकाचं आरोग्याबद्दलचं भाषण कोण ऐकून घेईल?

तक्रार तिसरी : बाजार आहे, पाट्या नाहीत

मी कॉमर्सचा, त्यामुळे मला सगळ्यात बोलकी वाटते ती ही तक्रार. अशा गेममध्ये खेळाडूच वस्तू बनवतात आणि खेळाडूच विकत घेतात. बहुतेक गेममध्ये त्यासाठी लिलावघरासारखी एक सोय असते. वस्तूचं नाव टाकलं की कोण किती भावाला विकतोय ते समोर येतं. अकराव्या भागातही ती होती. चौदाव्यात ती ठेवलीच नाही. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूला एक नोकर मिळायचा. तो बाजाराच्या आवारात माल घेऊन उभा करायचा. गिऱ्हाइकाने एकेका नोकरापाशी जाऊन त्याची पिशवी उघडून बघायची.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बेळगावच्या रविवार पेठेत शेकडो विक्रेते उभे आहेत, सगळ्यांनी माल पोत्यात झाकून ठेवलाय, एकावरही पाटी नाही, आणि तुम्हाला पाव किलो मिरी हवीय, अशी कल्पना करा. त्यात प्रत्येक पोतं उघडायला वर सांगितलेला तो उशीर. शोधण्याची सोय पुढे घालावी लागली. पण तोवर कुठल्या वस्तूचा रास्त भाव काय, हे कुणालाच कळत नव्हतं. भाव कळत नसेल तर कारागीर माल कशाच्या भरवशावर बनवणार? खेळातला बाजार बसला की खेळातली निम्मी कामंही निरर्थक होतात.

तक्रार चौथी : सुंदर, पण तेच तेच

चित्रं देखणी होती, हे टीकाकारांनीही मान्य केलं. पण चालत गेलं की तीच टेकडी, तोच कडा, तोच बोगदा पुन्हा पुन्हा. भूप्रदेशाचे ठरावीक तुकडे जोडून जग बनवलं होतं आणि जोड दिसत होते.

असं का झालं याचं एक उदाहरण पुढे जगप्रसिद्ध झालं, ते फुलदाणीचं. गेममधल्या एका साध्या कुंडीवर साधारण एक हजार बहुभुज आणि दीडशे ओळींचा रंगछटेचा प्रोग्रॅम खर्च केला होता. म्हणजे जवळपास एका अख्ख्या खेळाडूच्या पात्राइतका. संगणकाची ताकद मर्यादित असते. ती कुंडीवर उधळली तर पडद्यावर वीस माणसं एकत्र आणायला काही उरत नाही. आणि हा खेळ तर माणसं एकत्र आणण्याचाच.

जमाखर्चाची वही उघडली

नियमाप्रमाणे पहिले तीस दिवस फुकट आणि मग वर्गणी सुरू व्हायची होती. कंपनीने ती मुदत वाढवली. शेवटी १० डिसेंबर २०१० ला अध्यक्ष योइची वादा यांनी जाहीर माफी मागितली. तनाका पायउतार झाले. वर्गणी बेमुदत बंद केली. प्लेस्टेशन ३ साठीची आवृत्ती लांबणीवर टाकली. निर्माता आणि दिग्दर्शक म्हणून नाओकी योशिदा यांचं नाव पुढे आलं. ते त्याआधी कंपनीच्याच ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेत काम करत होते, आणि स्वतः ऑनलाइन गेमचे जुने खेळाडू होते.

वाणिज्य शाखेत नावलौकिकाला मालमत्ता मानायला शिकवतात. ताळेबंदात तिला जागा असते. ती वाढते तशी घटतेही. सप्टेंबर २०११ मध्ये वादा यांनी उघडपणे मान्य केलं की या प्रकरणाने ‘फायनल फँटसी’ या नावाचंच मोठं नुकसान झालं. एका गेमचा तोटा सोसता येतो. पण तेवीस वर्षांचं नाव पणाला लागलं तर हिशेब बदलतो. म्हणूनच गेम बंद करून विषय संपवण्याचा सोपा मार्ग कंपनीने घेतला नाही.

योशिदा यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, जुन्याच इमारतीची डागडुजी करत राहायचं. दोन, ती पाडून नवी बांधायची. त्यांनी दोन्ही एकदम केलं. जुना गेम दर काही महिन्यांनी सुधारत ठेवला आणि मागच्या बाजूला नवा पायापासून बांधायला घेतला. आपल्या माणसांना त्यांनी अमेरिकेतला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळायला लावला. २००४ पासून जग ज्याच्याशी तुलना करत होतं तो गेम निर्मात्यांनी नीट पाहिला असणं गरजेचं होतं. खेळाडूंना प्रश्नावली पाठवून मतं मागवली. निर्मात्याची पत्रं नियमित प्रसिद्ध होऊ लागली, त्यात काय होणार, काय होणार नाही आणि का नाही, हे लिहिलेलं असायचं.

पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या गेम निर्मात्यांच्या परिषदेत योशिदा यांनी पहिल्या अपयशाची कारणमीमांसा केली. तिचा मथितार्थ असा : चित्रांच्या दर्जाचा अतिरेकी हट्ट धरला, सध्याच्या ऑनलाइन गेमची माहिती टीमकडे अपुरी होती, आणि काही बिघडलं तर पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू अशी वृत्ती बळावली होती. आता वर दिलेल्या चार तक्रारी पुन्हा वाचा. सगळ्या या तीन कारणांपाशीच जाऊन थांबतात. पहिल्या आठवड्यात वैतागून लिहिणाऱ्या खेळाडूंना आतल्या गोष्टी ठाऊक नव्हत्या, तरी त्यांचं बोट दुखऱ्या जागेवरच होतं.

पैसे भरून थांबलेले लोक

६ जानेवारी २०१२ पासून वर्गणी पुन्हा सुरू झाली. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ गेम फुकट चालला. आता गंमत बघा. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्येच कंपनीने जाहीर केलं होतं की नवा गेम येणार आहे. म्हणजे जुना जाणार हे सगळ्यांना माहीत. अशा गेमला पैसे कोण भरेल?

कंपनीने योजना काढली. जे किमान नव्वद दिवसांची वर्गणी भरतील, त्यांना नव्या गेममध्ये कायमची सवलत. पुढे नेहमीची वर्गणी १४.९९ डॉलर ठरली तेव्हा या लोकांना ९.९९ डॉलर. शिवाय त्यांच्या पात्रांची नावं नव्या गेमच्या श्रेयनामावलीत. पुष्कळ जण थांबले. पडत्या काळात थांबलेल्या गिऱ्हाइकाला कायमचा वेगळा भाव, ही रीत आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांनाही ठाऊक होती.

जुन्या जगाचा शेवटही कथेतच बसवला. खेळातल्या आकाशात दालामुड नावाचा लाल चंद्र महिन्यागणिक मोठा दिसू लागला. ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले. त्या दिवशी खेळाडू आपापल्या शहरांत जमले होते, राक्षस चालून येत होते, वर चंद्र कोसळत होता. मग एक चित्रफीत सुरू झाली. चंद्र फुटून त्यातून बाहामुट नावाचा महाकाय ड्रॅगन बाहेर पडला आणि सगळं जग जळून गेलं. बिघडलेला गेम बंद करण्याचं कारण कथेने दिलं, आणि नव्या गेमची सुरुवात त्याच राखेतून झाली.

२०१३ : दुसरा जन्म, पुन्हा तक्रारी

‘अ रिअल्म रिबॉर्न’ या नावाने नवा चौदावा भाग २७ ऑगस्ट २०१३ ला आला. तीन दिवस आधी नोंदणीदारांना आत सोडलं. आणि पुन्हा तक्रारींचा पाऊस! फक्त या वेळी ओरड वेगळी होती : आत जाताच येत नाही. पडद्यावर ‘१०१७’ क्रमांकाची चूक दिसायची, म्हणजे हे सर्व्हर भरलेत. तासन् तास प्रयत्न करून लोक हैराण झाले. कंपनीला काही काळ डाउनलोडची विक्रीच थांबवावी लागली. भरपाई म्हणून आठवडाभराची वर्गणी माफ केली आणि सर्व्हर वाढवले.

वरवर बघितलं तर दोन्ही वेळा ‘गेम पहिल्याच आठवड्यात फसला’ असंच कुणीही म्हणालं असतं. पण फरक पाहा. २०१० मध्ये आत गेलेले लोक बाहेर पडू पाहत होते. २०१३ मध्ये बाहेरचे लोक आत जाण्यासाठी दार ठोठावत होते. हॉटेलात जागा मिळत नाही ही तक्रार वेगळी आणि भाजी आंबलीय ही तक्रार वेगळी. जागेची अडचण टेबलं वाढवून सुटते. आंबलेली भाजी टेबलं वाढवून सुधारत नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी या वेळी ऐंशीच्या पुढे गेली.

याच गेमवर ही वेळ पुन्हा आली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘एंडवॉकर’ हा विस्तार आला तेव्हा रांगा इतक्या लांबल्या की कंपनीने चालू गेमची विक्री थांबवली, आधी सात आणि मग आणखी चौदा दिवसांची वर्गणी माफ केली. २५ जानेवारी २०२२ ला विक्री पुन्हा सुरू झाली. त्या सुमारास नोंदणीचा आकडा २ कोटी ४० लाखांच्या पुढे गेला होता. नोंदणी म्हणजे वर्गणीदार नव्हे, हे लक्षात ठेवायचं. पण आजवरच्या ‘फायनल फँटसी’ गेममध्ये सर्वांत फायद्याचा हाच, असं योशिदा यांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं. २०१० च्या पहिल्या मतांवर सगळ्यांनी कायमचा शिक्का मारला असता तर हा दिवस दिसला नसता.

उलटं उदाहरण : नऊ लाखांची गर्दी

मग गर्दी हे यशाचं प्रमाणपत्र समजायचं का? तेही नाही. ॲमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ हा ऑनलाइन गेम २८ सप्टेंबर २०२१ ला आला. एकदाच पैसे भरा, वर्गणी नाही. स्टीम या विक्रीकेंद्रावर एकाच वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक ९ लाख १३ हजारांवर गेला. रांगा तासन् तासांच्या. पहिली मतं : झाडं तोडायला मजा येते, आवाज सुंदर, हाणामारी जोरकस.

महिनाभराने खरं दुखणं दिसू लागलं. खेळातली नाणी लबाडीने दुप्पट करण्याची वाट लोकांनी शोधून काढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला खेळाडूंमधला सगळा पैशांचा आणि मालाचा व्यवहारच काही काळ बंद ठेवावा लागला. बँकेत खोट्या नोटा शिरल्या म्हणून गावातली सगळी दुकानं बंद करण्यासारखा हा प्रकार. वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेल्यांना करायला पुरेसं काम नव्हतं. सहा महिन्यांच्या आत एकाच वेळच्या खेळाडूंचा आकडा लाखाच्या खाली गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने त्यात नवी भर घालणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

इथे पहिल्या आठवड्यातली मतं खोटी नव्हती. झाडं तोडायला खरंच मजा येत होती. पण पहिल्या आठवड्यात जे दिसतच नाही, त्याबद्दल पहिल्या आठवड्यातली मतं बोलू शकत नाहीत. खेळातला बाजार, वरच्या पायऱ्यांवरचं काम, लबाडीचा बंदोबस्त या गोष्टी महिन्याभराने उघड होतात.

मग मतं वाचायची कशी?

एखाद्या नव्या गेमबद्दल वाचताना तक्रारींची वेगवेगळी खाती पाडा. पहिलं खातं गर्दीचं : रांगा, चुकीचे क्रमांक, सर्व्हर भरले. या तक्रारी बहुतेक वेळा पंधरा दिवसांत ओसरतात. त्या काळात पैसे न भरणं शहाणपणाचं, पण त्यावरून गेम वाईट ठरवू नये.

दुसरं खातं हाताचं : बटण दाबल्यावर उशीर, यादीतून वस्तू सापडत नाही, कुठे जायचं कळत नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक हेच म्हणत असतील तर दोष खेळाच्या रचनेत आहे. तो दुरुस्त व्हायला वर्षंही लागतात. चौदाव्या भागाला पावणेतीन वर्षं लागली.

तिसरं खातं हिशेबाचं : खेळातला पैसा, बाजार, वेळेवरचे निर्बंध, पैसे देऊन पुढे जाण्याची सोय. याबद्दल पहिल्या आठवड्यात कुणी स्तुती केली तरी थांबा. महिन्यानंतरचं मत शोधा.

आपल्यासारख्यांसाठी आणखी एक खातं लागतं, अंतराचं. ‘फायनल फँटसी चौदा’ची सर्व्हरकेंद्रं जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत, भारतात नाही. मुंबई ते टोकियो सुमारे ६,७०० किलोमीटर. नुसत्या प्रकाशाच्या जाण्या-येण्याला सेकंदाचा पंधरावा भाग, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. त्यामुळे ओसाकातला खेळाडू ‘एकदम चपळ’ म्हणतो तोच गेम बडोद्यात, पणजीत किंवा निपाणीत जरा जड वाटू शकतो. दुसऱ्या देशातलं मत वाचताना त्याचा सर्व्हर किती जवळ आहे, हे आधी बघावं.

आणि शेवटचा मुद्दा पैशांचा. २०१० मध्ये ज्यांनी आगाऊ पैसे भरले, त्यांनी नावावर विश्वास ठेवला होता. आज निदान या गेमपुरती ती गरज उरलेली नाही. त्याची फुकट आवृत्ती दिवसांची मर्यादा न घालता साठाव्या पायरीपर्यंत खेळता येत असे, ऑक्टोबर २०२३ पासून ती सत्तरपर्यंत वाढवली आहे. पैशांच्या देवाणघेवाणीवर आणि गप्पांवर काही बंधनं आहेत, पण खेळ कसा आहे हे कळायला तेवढं पुरे. मुलांनी पैसे मागितले तर आधी ही आवृत्ती उतरवून द्यावी, महिनाभर खेळू द्यावं, आणि मग त्यांचंच मत विचारावं. ज्या कंपनीला एकदा नाइलाजाने वर्षभर फुकट खेळवावं लागलं, ती आता आपण होऊन शेकडो तास फुकट खेळवते. गिऱ्हाईक चव घेऊन परत येईल, एवढा भरवसा तिला आता स्वतःच्या मालाचा वाटतो.